परसबागेची वही आणि बियांची देवघेव: सुरुवात कशी करायची?

बेळगावात भेंडी नेमकी कधी पेरायची, हे बियाण्याच्या पाकिटावर लिहिलेलं नसतं. पाकिटावर 'जून-जुलै' आणि 'जानेवारी-फेब्रुवारी' एवढंच छापलेलं असतं. तेच पाकीट म्हापशात, इंदुरात, बडोद्यात आणि हैदराबादेतही विकलं जातं. पण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात म्हापशात पाऊस कोसळत असतो आणि ग्वाल्हेरात अजून लू वाहत असते.

नेमकी माहिती असते ती शेजारच्या गल्लीतल्या मावशींकडे. त्या वीस वर्षं त्याच मातीत भेंडी लावताहेत. कोणत्या आठवड्यात पेरली की कीड कमी लागते, कोणतं बी आपल्याकडे टिकतं, हे त्यांना पाठ असतं. पण ते कुठे लिहिलेलं नसतं. बी असतं ते स्वयंपाकघरातल्या एखाद्या डब्यात, आणि त्या डब्यावर ना नाव असतं, ना तारीख.

म्हणून बाग करणाऱ्या प्रत्येकाने दोन गोष्टी सुरू कराव्यात. एक, आपल्या बागेची वही. दोन, आसपासच्या आणि दूरच्या बागकाम करणाऱ्यांशी बियांची व माहितीची देवघेव. नोंद नसलेलं बी घेणाऱ्याला नीट वापरता येत नाही, आणि देवघेव नसेल तर वहीतलं ज्ञान एकाच घरात राहतं.

हे आत्ताच करायला हवं, याला कारण आहे. जुनी घरं पाडून तिथे अपार्टमेंट उभी राहतात, तेव्हा परसूही जातं. बी कपाटात ठेवून कायमचं टिकत नाही. कांद्याचं बी साध्या डब्यात वर्षभरातच कमजोर होतं. टोमॅटो-वांग्याचं नीट वाळवलेलं बी चारेक वर्षं उगवतं. एखादं घरगुती वाण एकाच घरात असेल आणि त्या घराने काही हंगाम लागवड चुकवली, तर ते वाण तिथेच संपतं.

एक भाषा, पण हवामान वेगवेगळं

आपण मराठी माणसं राज्यांच्या हद्दी ओलांडून एकमेकांना बागेचा सल्ला देतो. सल्ला चांगला असतो, पण हवामान वेगळं असतं. काही ठळक फरक लक्षात ठेवा.

• गोवा: मोसमी पाऊस साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. वर्षाचा पाऊस सुमारे ३,००० मिलिमीटर. जांभ्या मातीतून पाणी झपाट्याने निचरतं आणि खत वाहून जातं. पालेभाज्या, वांगी, मिरचीचा मुख्य हंगाम पाऊस ओसरल्यावर सुरू होतो.

• बेळगाव: शहर साधारण ७५० मीटर उंचीवर, म्हणून उन्हाळा तुलनेने सौम्य. पण जिल्हा एकसारखा नाही. खानापूर तालुक्यात कणकुंबीला घाटमाथ्याचा धो धो पाऊस, तर अथणीकडे कोरडवाहू मुलूख.

• इंदूर: माळव्याची काळी, पाणी धरून ठेवणारी माती. नुसती काळी माती कुंडीत भरली की ती ओली असताना चिकट होते आणि वाळल्यावर तडकते. पाऊस जूनच्या मध्यानंतर.

• ग्वाल्हेर: उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास, तर जानेवारीत धुकं आणि कडाक्याची थंडी. पाऊस जूनच्या अखेरीस.

• बडोदा: उन्हाळा चाळिशी ओलांडणारा, पाऊस जूनच्या उत्तरार्धात.

• हैदराबाद: दख्खनच्या पठारावरची बरीचशी लाल, मुरमाड माती. पाऊस वर्षाला ८०० मिलिमीटरच्या आसपास.

याचा अर्थ काय, ते टोमॅटोवरून बघा. रात्रीचं तापमान २४-२५ अंशांच्या वर राहू लागलं की टोमॅटोची फुलं येतात, पण फळ न धरता गळतात. बेळगावच्या माणसाने "मी फेब्रुवारीत टोमॅटो लावले, मस्त आले" असं सांगितलं आणि ते ऐकून ग्वाल्हेरच्या नातेवाइकाने तसंच केलं, तर ऐन फुलोऱ्याच्या वेळी त्याच्याकडे एप्रिल-मेची आग असते. त्यात खत कमी पडलं असं काही नसतं, फक्त तारीख चुकलेली असते. म्हणून सल्ला देताना आणि घेताना गाव, महिना आणि ऊन किती तास येतं, या तीन गोष्टी आधी विचारायच्या.

वहीत काय लिहायचं?

साधी शाळेची शंभर पानी वही पुरते. एका पिकाला किंवा झाडाला एक पान द्या. पानाच्या डोक्यावर पिकाचं नाव, वाणाचं नाव आणि बी कुठून आलं ते लिहा. खाली तारखेनुसार एवढंच:

• पेरणीची तारीख आणि किती बिया पेरल्या
• उगवणीची तारीख आणि किती उगवल्या
• पहिलं फूल, पहिलं फळ, शेवटची तोडणी
• कीड-रोग कधी दिसला, काय केलं, फरक पडला का
• त्या आठवड्यात पाऊस किंवा कडक ऊन कसं होतं

नमुन्यादाखल एक नोंद अशी असू शकते: "१२ जून. गावठी भेंडी, पाच धारी. बी गेल्या वर्षीचं, खानापूरच्या आजींकडून. १० पेरल्या. १७ जून, ८ उगवल्या. २६ जुलै, पहिलं फूल. १ ऑगस्ट, पहिली तोडणी. १५ ऑगस्ट, पानांच्या शिरा पिवळ्या, दोन झाडं उपटली." एवढ्या ओळी लिहायला रोज दोन मिनिटंही लागत नाहीत, पण पुढच्या वर्षी त्यांचा उपयोग होतो.

फसलेलं सगळ्यात आधी लिहा. चांगलं आलेलं आपल्याला आठवतंच. उगवलं नाही ते विसरतं आणि तीच चूक दुसऱ्या वर्षी पुन्हा होते. शिवाय दुसऱ्या बागकाम करणाऱ्याला तुमच्या यशापेक्षा "अमुक महिन्यात पेरू नका" हे वाक्य जास्त कामाचं असतं.

पाऊस मोजायचा असेल तर सपाट तळाचा, सरळ बाजूंचा डबा उघड्यावर ठेवा आणि रोज ठरलेल्या वेळी आतल्या पाण्याची उंची पट्टीने मोजा. एक सेंटिमीटर पाणी म्हणजे दहा मिलिमीटर पाऊस. हवामान खात्याइतकं अचूक नसलं, तरी आपल्या गच्चीपुरतं पुरतं.

जुन्या माणसांशी बोलताना एक काळजी घ्या. ती नक्षत्रावर किंवा सणावर बोलतात. नक्षत्रं सूर्यावरून मोजली जातात, त्यामुळे त्यांची इंग्रजी तारीख जवळपास ठरलेली असते: रोहिणी २५ मेच्या सुमारास, मृग ७-८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला, हस्त सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. सणांचं तसं नाही. "अक्षय्य तृतीयेला वेलांची आळी करायची" ही रीत अनेक घरांत आहे, पण ती तिथी एखाद्या वर्षी एप्रिलच्या मध्याला येते, तर एखाद्या वर्षी मे उजाडल्यावर. तेव्हा सण लिहा, पण शेजारी तारीखही लिहा.

नावांचा घोळ

हद्द ओलांडली की भाजीचं नाव बदलतं. महाराष्ट्रात मायाळू म्हणतात ती पालेभाजी गोव्यात 'वालची भाजी', कानडीत 'बसळे', हिंदी-गुजरातीत 'पोई'. त्यामुळे पुण्याच्या माणसाने गोव्यातल्या मैत्रिणीकडे वालचं बी मागितलं, तर त्याला कडव्या वालाऐवजी मायाळूचं बी मिळू शकतं. अंबाडीला बेळगावकडच्या कानडीत 'पुंडी' म्हणतात आणि हैदराबादेत 'गोंगुरा'. घोसाळ्याला खानदेशात आणि माळव्यात 'गिलकी' म्हणतात. कोकणातलं शिराळं म्हणजे देशावरचा दोडका.

काही घोळ गमतीचे नसतात. तेलुगूत 'मंदार' म्हणजे जास्वंद. मराठीत मंदार म्हणजे रुई, आणि रुईचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते. म्हणून वहीत नि पाकिटावर स्थानिक नावाशेजारी शास्त्रीय नाव देवनागरीत लिहून ठेवावं: मायाळू, बॅसेला आल्बा, जास्वंद, हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस, रुई, कॅलोट्रोपिस. शास्त्रीय नाव सापडत नसेल, तर पान, फूल आणि फळ यांचे फोटो सोबत पाठवा.

कोणतं बी धरावं, कोणतं नाही?

पहिला प्रश्न: आपण लावलेलं वाण संकरित आहे का? पाकिटावर 'एफ-१' किंवा 'हायब्रिड' असं लिहिलं असेल, तर त्याच्या फळातलं बी काढून लावल्यावर पुढची झाडं एकसारखी निघत नाहीत. खायला हरकत नाही, पण दुसऱ्याला 'हे अमुक वाण' म्हणून देऊ नये. देवघेवीसाठी गावठी किंवा सुधारित सरळ वाण धरायचं.

दुसरा प्रश्न: फुलात परागीभवन कसं होतं?

• स्वतःच्याच परागावर फळ धरणारी: टोमॅटो, वाटाणा, घेवडा, चवळी, मेथी. बी धरायला सगळ्यात सोपी. नवशिक्यांनी इथूनच सुरुवात करावी.

• मधमाश्यांमुळे थोडीफार मिसळणारी: मिरची, वांगी, भेंडी. शेजारी दुसरं वाण असेल तर बी बिघडू शकतं.

• हमखास मिसळणारी: दुधी, काकडी, भोपळा, कारलं, मुळा, कोथिंबीर, पालक, मका. शेवटच्या दोघांचा पराग वाऱ्यावर उडतो.

सीमाभागात मिरचीचा प्रश्न खरोखरच येतो. हावेरी जिल्ह्यातली ब्याडगी आणि काणकोणची खोला, दोन्ही मिरच्यांना भौगोलिक मानांकन आहे आणि हौसेने दोन्ही शेजारी-शेजारी लावल्या जातात. त्या वर्षीची मिरची जशी हवी तशीच येते. पण त्यातलं बी धरून पुढच्या वर्षी लावलं, तर निघणारी झाडं ना धड ब्याडगी, ना धड खोला. उपाय सोपा आहे. कळ्या उमलण्याआधी एका फांदीला पातळ मलमलची पिशवी बांधा. अधूनमधून फांदी हलकेच हलवा. बारीक मिरच्या धरल्या की पिशवी काढा आणि त्या फांदीला रंगीत दोरा बांधून ठेवा. बी त्याच फांदीचं घ्या.

निवड करतानाही हात राखायचा. पहिलं, उत्तम, निरोगी फळ आपण आधी खाऊन टाकतो आणि हंगामाच्या शेवटी उरलेलं किडकं फळ बियांना ठेवतो. असं वर्षानुवर्षं केलं तर वाण खालावतं. जे झाड सगळ्यात निरोगी, त्यावरचं चांगलं फळ सुरुवातीलाच बियांसाठी राखून ठेवा.

कडू दुधी: इथे हयगय नको

दुधी, काकडी, भोपळा या वेलांच्या रानटी किंवा कडू प्रकारांत कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्यं असतात. गोड दुधीच्या फुलावर कडू दुधीचा पराग पडला, तर त्या वर्षीचं फळ गोडच लागतं, कारण गर आईवेलाचा असतो. पण आतलं बी मिश्र झालेलं असतं. ते बी तुम्ही पाच घरांत वाटलं, तर पुढच्या वर्षी पाच घरांत कडू दुधी लागू शकतो.

कडू दुधी शिजवूनही सुरक्षित होत नाही. त्याच्या रसाने तीव्र उलट्या, पोटदुखी, जुलाब, रक्ताची उलटी होऊन माणसं रुग्णालयात दाखल झाली आहेत, दगावलीही आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीनेही कडू दुधीचा रस पिऊ नये, असा सल्ला दिला आहे. घरच्या दुधीचा बारीक तुकडा आधी जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंकून टाका, सगळं फळ फेका आणि त्या वेलाचं बी कुणालाही देऊ नका. खाल्ल्यावर त्रास झाला तर थेट डॉक्टर गाठा.

दुधीचं शुद्ध बी हवं असेल तर हाताने परागीभवन करा. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात. दुपारीच त्या दिवशी उमलणारी एक नर आणि एक मादी कळी हेरून दोऱ्याने हलकी बांधा. मादी कळीमागे चिमुकला दुधी असतो, त्यावरून ती ओळखू येते. संध्याकाळी दोन्ही सोडा, नर फुलाचा पराग मादी फुलात लावा आणि मादी फुलाला दोन दिवस पिशवी घाला. देठाला खूण करा. ते फळ वेलावरच पूर्ण वाळू द्या. हलवल्यावर आत बिया खुळखुळल्या पाहिजेत.

बी काढणं, वाळवणं, साठवणं

• टोमॅटो: पिकलेल्या फळाचा बियांसकट गर वाटीत दोन-तीन दिवस आंबू द्या, मग धुऊन वाळवा. बीभोवतीचं बुळबुळीत आवरण त्याने निघून जातं.
• वांगी: भाजीचं कोवळं वांगं चालत नाही. झाडावरच पिवळं-तपकिरी होऊन मऊ पडेपर्यंत थांबा.
• काकडी: पिवळी-तपकिरी झाल्यावरच.
• भेंडी, गवार, चवळी, वाल: शेंग झाडावर वाळून कडकडीत झाल्यावर.

बी कडक उन्हात टाकू नका. सावलीत, वाऱ्याला वाळवा. ओलावा आणि उष्णता हे बियांचे दोन शत्रू. ठोकळ नियम असा की बियांतला ओलावा एका टक्क्याने किंवा साठवणीचं तापमान पाच अंशांनी कमी केलं, तर बियांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. पूर्वी बी चाळलेल्या राखेत किंवा कडुनिंबाच्या वाळक्या पाल्यात ठेवत, ते किडीसाठी आणि ओलाव्यासाठीच. आज कागदी पाकिटात घालून, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवता येतं. गोव्यासारख्या दमट हवेत हे जास्तच गरजेचं.

कुणालाही बी देण्याआधी उगवण तपासा. ओल्या सुती फडक्यात दहा बिया गुंडाळा, फडकं ओलसर ठेवा आणि आठ-दहा दिवसांत किती मोड आले ते मोजा. दहातल्या आठ उगवल्या तर उगवण ८० टक्के. पाचांपेक्षा कमी असेल तर देताना तसं स्पष्ट सांगा. घटस्थापनेला घटाखालच्या मातीत धान्य पेरतो, तीही एका अर्थी उगवण चाचणीच. यंदा घट बसवताना मोजून पेरा आणि मोजून बघा.

पाकिटावर पाच गोष्टी असल्याशिवाय बी द्यायचं नाही, असा नियम करा: नाव, गाव, बी धरल्याचा महिना-वर्ष, उगवणीचे टक्के, आणि शेजारी त्याच पिकाचं दुसरं वाण होतं की नाही.

छाट, कंद आणि मुनवे देताना

बियांपेक्षा जिवंत रोपाची देवघेव जास्त जोखमीची, कारण त्यासोबत पाहुणे जातात. पपईवरचा पिठ्या ढेकूण भारतात पहिल्यांदा २००८ मध्ये कोइम्बतूरला आढळला आणि काही वर्षांत महाराष्ट्रापर्यंत पोचला. तो पपईवरच थांबत नाही. जास्वंद, तुती अशा अनेक झाडांवर वाढतो. शेवटी २०१० मध्ये त्याचा शत्रू असलेला एक परोपजीवी कीटक परदेशातून आणून सोडल्यावर तो आटोक्यात आला. म्हणजे जास्वंदीची एक फांदीही शेजाऱ्याच्या बागेला महागात पडू शकते.

केळीचे मुनवे देताना पर्णगुच्छ रोग तपासा. पानं अरुंद, ताठ, शेंड्याला जुडगा बांधल्यासारखी दिसत असतील, तर त्या बेटातला एकही मुनवा कुणाला देऊ नका. रोग विषाणूचा आहे, मावा आणि मुनवे दोन्हींतून पसरतो, आणि त्यावर औषध नाही. बेटच काढावं लागतं.

घेणाऱ्याने हे करावं: आलेलं रोप तीन आठवडे बाकीच्या झाडांपासून दूर ठेवायचं, पानांच्या खालची बाजू आणि खोडाचे बेचके रोज बघायचे, कापसासारखं पांढरं काही दिसलं तर आधी ते काढायचं. देणाऱ्याने बागेतल्या मातीसकट रोप देणं टाळावं. मुळांना गाठी करणारी सूत्रकृमी मातीतूनच प्रवास करते. छाट नव्या, स्वच्छ कोकोपीटमध्ये रुजवून दिलेली बरी.

माणसं कशी जोडायची?

मोठी संस्था काढायची गरज नाही. पाच घरं पुरतात. पहिल्या भेटीत प्रत्येकाने आपली वही, दोन पाकिटं बी आणि आपला एक प्रश्न घेऊन यावं. शक्य असेल तर भेट कुणाच्या तरी बागेतच ठेवा. हॉलमध्ये भाषणं होतात. झाडापुढे उभं राहिलं की माणसं खरं बोलतात.

मग कामाची वाटणी करा. एका घराने एका वाणाची जबाबदारी घ्यायची, आणि प्रत्येक वाण निदान तीन घरांत जिवंत ठेवायचं. एका घरी माकडांनी किंवा पावसाने हंगाम बुडवला, तरी वाण वाचतं. मका, मुळा अशा मिसळणाऱ्या पिकांना तर बरीच झाडं एकत्र लावून बी धरावं लागतं, ते एका गच्चीवर जमतच नाही. ज्याच्याकडे जागा आहे त्याने ते घ्यावं, बाकीच्यांनी टोमॅटो-घेवडा सांभाळावा.

भाषेची हद्द आड येऊ देऊ नका. बेळगावच्या भाजी बाजारात गावाकडून पाटी घेऊन येणाऱ्या कानडी बोलणाऱ्या आजींकडे, हैदराबादेत तेलुगू शेजाऱ्यांकडे, बडोद्यात गुजराती शेजाऱ्यांकडे त्या मातीतलं पिढ्यांचं बी असतं. मोडक्यातोडक्या भाषेत विचारलं तरी बियांच्या गोष्टी माणसं आनंदाने सांगतात.

अशी जोडणी आपल्याकडे नवी नाही. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. शेतकऱ्यांनी आणि गच्चीवर बाग करणाऱ्यांनी स्वतः प्रयोग करायचे, मोजायचे आणि एकमेकांना कळवायचे, ही त्यामागची कल्पना. महाराष्ट्रातल्या द्राक्ष बागायतदारांनी त्यातून खूप घेतलं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरातल्या गावरान बियांपासून बियाणे बँक उभारली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

इंदूरचं उदाहरण तर जगभर गेलं. १९२४ मध्ये तिथे सुरू झालेल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीमध्ये अल्बर्ट हॉवर्ड यांनी काडीकचरा, शेण, राख आणि माती यांच्या थरांतून खत करण्याची पद्धत बसवली. त्यावरचं १९३१ चं पुस्तक त्यांनी यशवंत वाड यांच्यासोबत लिहिलं. ढीग कधी रचायचा, कधी उलथायचा, हे त्यात वेळापत्रकासकट होतं. साधारण तीन उलथण्या आणि तीन महिन्यांत खत. नोंद इतकी नेटकी होती, म्हणूनच दूरदेशीच्या माणसांना ती करून बघता आली. आजही तिला 'इंदूर पद्धत' म्हणतात.

हद्दीपलीकडे पाठवताना कायदा काय म्हणतो?

वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ च्या कलम ३९ नुसार शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बी राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देवघेव करण्याचा आणि विकण्याचा हक्क आहे. फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. मात्र बियाण्यांचा विक्री व्यवसाय करायचा तर परवाना लागतो. त्यामुळे मंडळाची देवघेव मोफत ठेवलेली उत्तम.

जिवंत रोपांचं वेगळं. केळीचे मुनवे, बटाट्याचं बेणं यांसारखी लागवड सामग्री रोगग्रस्त राज्यांतून बाहेर नेण्यावर १९१४ च्या कीड व रोग कायद्याखाली निर्बंध घातले गेले आहेत. पाठवण्याआधी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा फलोत्पादन खात्यात विचारा. आणि परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांना "येताना बॅगेत बी घेऊन या" असं सांगू नका. २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार त्यासाठी आयात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं.

शंका आली तर विचारायला जागा आहेत. बेळगाव जिल्ह्यात अरभावीचं उद्यानविद्या महाविद्यालय, जुन्या गोव्यातली केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था, ग्वाल्हेरचं राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विश्वविद्यालय. जाताना रोगट पान प्लास्टिकच्या पिशवीत आणि वही हातात असू द्या. "झाड वाळतंय" यापेक्षा "१५ ऑगस्टपासून वाळतंय, आधी अमुक दिलं होतं" असं सांगितलं की निदान लवकर होतं.

वर्षातल्या चार भेटी

• रोहिणी नक्षत्र, मेअखेर: पावसाळी बियांची देवघेव. भेंडी, दुधी, दोडका, काकडी, वाल.
• गणेशोत्सव: बागांना भेटी, कोणतं झाड बियांसाठी राखायचं ते ठरवणं. गोव्यात माटोळीला बांधायची रानफळं आणि शेंगा ओळखणारी जुनी माणसं याच दिवसांत भेटतात. त्यांच्याकडून नावं वहीत उतरवून घ्या.
• घटस्थापना ते दसरा: उगवण चाचणी आणि हिवाळी बी. मेथी, मुळा, वाटाणा, कोथिंबीर, टोमॅटो.
• संक्रांतीचं हळदीकुंकू: उन्हाळी भेंडी, गवार, काकडीचं बी. या दिवसात आपण वाण देतोच. प्लास्टिकच्या डबीऐवजी नाव-गाव लिहिलेलं बियांचं पाकीट द्या. दोन्ही अर्थांनी ते वाणच.

सुरुवात या आठवड्यात करता येईल. वही घ्या, बागेत आत्ता जे आहे त्याची एक यादी करा आणि त्यापुढे गाव नि तारीख लिहा. मग जिच्या अंगणात तुमच्यापेक्षा चांगलं काही फुललं-फळलंय, अशा एका घराचं दार वाजवा. वाण कोणतं, बी कुठून आलं आणि कधी पेरलं, हे तीन प्रश्न विचारा. उत्तरं तिथेच उभ्या-उभ्या लिहून घ्या, आणि आपल्याकडचं एक पाकीट देऊन या.